सायकलच्या टायरबदलाची नोंद: २८ मिमीवरून ३५, पुढे एक आणि मागे दुसरा

सुरुवातीची स्थिती: ७०० सी मापाची चाकं, रिमची आतली रुंदी १९ मिमी, डिस्क ब्रेक, स्वार-सायकल-सामान धरून साधारण ९० किलो. दोन्ही चाकांवर २८-६२२ मापाचे (रुंदी २८ मिमी, रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास ६२२) जाड पट्ट्याचे, म्हणजे आत काटे अडवणारा जाड थर असलेले टायर. पंक्चर जवळजवळ नाहीच, पण खडबडीत डांबरावर हातांना मुंग्या. हवा कमी करून बघणं हा पहिला उपाय, पण २८ मध्ये त्याला फार वाव नसतो. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चेचली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी जोडभोकं दिसली तर टायरात काटा शोधत बसू नये. हवा कमी होती, एवढंच.

मोजमाप

मागच्या फ्रेमच्या दोन दांड्यांमध्ये सर्वांत अरुंद जागी ४५ मिमी. दोन्ही बाजूंना किमान ४ मिमी मोकळं हवं, नाहीतर चिखल अडकतो आणि चाक जरा वाकडं फिरलं की रंग खरवडतो. ३८ घातला तर साडेतीनच उरतात, म्हणून ३५. छापील आकड्यावर मात्र विसंबू नये. रुंद रिमवर तोच टायर जास्त पसरतो आणि हवा भरून एक दिवस ठेवला की आणखी थोडा ताणला जातो. दुसऱ्या दिवशी कॅलिपर (रुंदी मोजायचं साधन) लावला तर ३५.५. चालतंय.

निवड

टिकाऊपणा आणि आराम यांचं भांडण टायरच्या कोणत्या भागात आहे, हे आधी बघायला हवं. काच-काटे अडतात ते ट्रेडखालच्या (रस्त्याला टेकणाऱ्या रबराखालच्या) पट्ट्यात. धक्का जिरतो तो मुख्यतः बाजूची भिंत वाकल्यामुळे. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये ट्रेडखाली ५ मिमी रबराचा थर असतो. काट्यांना तो भारी आहे, पण चाक जड होतं आणि टायर रस्त्यावर लोण्यासारखा पसरत नाही. टीपीआय म्हणजे टायरच्या आतल्या कापडात एका इंचातले धागे: ६० चं कापड जाडसर, १२० चं बारीक आणि लवचिक. काही कंपन्या सगळ्या थरांचे धागे एकत्र मोजतात, त्यामुळे १८० हा आकडा प्रत्यक्षात ६० चे तीन थर असू शकतो.

साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकावर येतं. तो टायर लवकर झिजतो आणि पंक्चरही जास्त तिथेच. मुंग्या मात्र पुढच्या चाकाच्या धक्क्यांनी येतात. मग दोन्हीकडे सारखा टायर कशाला? मागे जाड पट्ट्याचा ६० टीपीआय, पुढे पातळ पट्ट्याचा १२० टीपीआय, दोन्ही ३५-६२२. टायरची रिमवर बसणारी कड तारेची की घडी घालता येणारी, याने वजनात थोडा फरक पडतो, आरामात नाही.

ट्यूबही बदलली. १८–२८ मिमी टायरांसाठीची ट्यूब ३५ मध्ये फुगवली की ताणून पातळ होते.

हवा

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. रुंद टायरात जुनाच दाब ठेवला तर कापडावरचा ताण वाढतो, टायर आणखी कडक होतो आणि ‘रुंद टायर घेऊन काही फरक नाही’ असं वाटतं. सुरुवात पुढे ४०, मागे ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). सायकलवर बसल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्के, म्हणजे ३५ मध्ये ५ मिमीच्या आसपास दबावी. त्यानंतर दर फेरीला ३ पीएसआय कमी. वळणावर हँडल ढिलं वाटलं किंवा रिम ठोकल्याचा आवाज आला की ३ परत वाढवायचे. पंपाचा काटा कमी दाबात हमखास खोटं बोलतो. निदान दर वेळी तोच पंप वापरावा.

पहिल्या ३०० किमीनंतर

पुढे ३७, मागे ४७ वर स्थिर. मुंग्या गेल्या. पुढच्या ट्रेडमध्ये काचेची एक कपची रुतलेली सापडली, अजून कापडापर्यंत पोचली नव्हती, सुईने काढली. पातळ पट्टा असला की ही तपासणी आठवड्याला करावीच, आणि ओल्या रस्त्यावरून आल्यावर लगेच, कारण ओलं रबर सहज कापलं जातं.

मागचा टायर मधोमध चपटा झाला की तो टाकायचा. त्या जागी नवा जाड पट्ट्याचाच. झिजलेला मागचा टायर पुढे कधीच लावायचा नाही. पुढचा घसरला तर सायकल सावरत नाही.