तुर्कमेनिस्तानचा व्हिसा : निमंत्रणपत्रापासून शावातच्या फाटकापर्यंत

तुर्कमेनिस्तानात पर्यटक म्हणून जायचे असेल, तर आधी त्या देशातल्या कोणीतरी तुमची हमी घ्यावी लागते. २०२४ च्या ऑक्टोबरात मी गेले, तेव्हा विमानाचे तिकीट काढून आणि हॉटेल ठरवून भागण्यासारखे नव्हते. राजधानी अश्गाबातमधील एखादी परवानाधारक प्रवासी संस्था तुमच्या वतीने तेथील स्थलांतर खात्याकडे अर्ज करते, खाते तुमची माहिती तपासते आणि मंजुरी मिळाली तर निमंत्रणपत्र येते. हे पत्र हाती असल्याशिवाय ना वकिलातीत व्हिसा मिळतो, ना सीमेवर. नकार आला तर त्याचे कारण दिले जात नाही, आणि विचारण्याची सोयही नसते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले. मी इतिहास शिकवते आणि नाशिकला राहते. आमच्या पांडवलेणीतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, त्यात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘सकयवनपल्हवनिसूदन’, म्हणजे शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा, म्हटले आहे. पल्हव म्हणजे पार्थियन या प्राचीन इराणी कुळातील लोक. त्यांच्या मूळ भूमीतील निसा हे नगर अश्गाबातपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, आणि पूर्वेकडील मर्व्ह येथे बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. ज्यांचा उल्लेख विद्यार्थ्यांना इतकी वर्षे वाचून दाखवला, त्यांची भूमी स्वतः पाहावी, अशी माझी मनापासून इच्छा होती.

निमंत्रणपत्राच्या अर्जात जितकी माहिती मागतात, तितकी मी इतर कोणत्याही देशाच्या अर्जात भरलेली नाही. शिक्षण कोठे झाले, सध्या कोठे आणि कोणत्या पदावर नोकरी आहे, वैवाहिक स्थिती काय, राहण्याचा पूर्ण पत्ता कोणता, हे सगळे लिहावे लागते आणि त्यासोबत पासपोर्टची स्वच्छ रंगीत प्रत व छायाचित्र जोडावे लागते. माझ्याकडे महाविद्यालयाचे पत्रही मागितले होते. आमच्या प्राचार्यांनी ते इंग्रजीत, लेटरहेडवर, पद आणि नोकरीत रुजू झाल्याची तारीख यांसह दिले. पत्रकार किंवा लष्कराशी संबंधित व्यक्तींचे अर्ज अडकण्याची शक्यता अधिक असते, असे संस्थेने सांगितले होते. त्यामुळे पदाचा उल्लेख जितका नेमका तितका बरा.

आपल्याकडच्या माणसांनी नावाच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. मराठी रीतीने आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे लिहितो, आणि पासपोर्टवर पहिली दोन नावे एकत्र छापलेली असतात. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने उतरले पाहिजे. तुर्कमेन पद्धतीत वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो, म्हणून संस्थेतील बाईंनी मला तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. निमंत्रणपत्रावर एक अक्षर जरी निराळे पडले, तरी सीमेवरचा अधिकारी ते पत्र आणि तो पासपोर्ट एकाच व्यक्तीचे आहेत असे मानायला बांधील नाही.

या सगळ्यातली खरी अवघड गोष्ट मात्र कागद जमवणे ही नव्हती. निमंत्रणपत्रावर प्रवेशाची तारीख, बाहेर पडण्याची तारीख, दोन्ही वेळची सीमाचौकी आणि कोणत्या भागांत जाणार हे नमूद केलेले असते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच पूर्ण प्रवास दिवसागणिक ठरलेला असावा लागतो. मी उझबेकिस्तानातील बुखाऱ्याकडून फाराप चौकीने आत जायचे, मर्व्ह आणि निसा पाहून काराकुम वाळवंट ओलांडायचे आणि उत्तरेला दाशोगुझजवळच्या शावात चौकीतून पुन्हा उझबेकिस्तानात, खिव्याकडे निघायचे, असा बेत केला. दाशोगुझचा परिसर सीमाक्षेत्रात येतो आणि तेथे जाण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते; ती संस्थेने निमंत्रणपत्रासोबतच मागून घेतली. ऐन वेळी कोणाला त्याच भागातील कुन्या-उर्गेंच या प्राचीन नगरीला जावेसे वाटले, तर ही परवानगी वाटेत मिळत नाही.

या मार्गात आणखी एक बाब सांभाळावी लागते. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा भारतीयांना ऑनलाइन मिळतो, पण एका प्रवेशाचा आणि दोन प्रवेशांचा व्हिसा वेगळा असतो. तुर्कमेनिस्तानात पाऊल ठेवताच उझबेकिस्तानचा पहिला प्रवेश संपतो. परत त्याच देशात यायचे असेल, तर दोन प्रवेशांचाच व्हिसा हवा. शुल्कातला फरक फारच थोडा आहे आणि तो वाचवण्यात काही अर्थ नाही.

मंजुरी यायला काही आठवडे लागले. त्या काळात संस्थेला रोज ईमेल पाठवून काही साधत नाही, कारण निर्णय तिच्या हातात नसतो. करोनाच्या साथीत २०२० पासून हा देश पर्यटकांना पूर्ण बंद होता आणि २०२३ मध्ये पुन्हा उघडला, त्यामुळे विमानाची तिकिटे परताव्याच्या अटीवर काढणे मला शहाणपणाचे वाटले. निमंत्रणपत्र आले ते एका पानाचे, तुर्कमेन भाषेतले, शिक्क्यासह. मी त्याच्या चार रंगीत प्रती काढल्या आणि त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या. सीमेवर त्यांतल्या दोन कामी आल्या.

पैशांची तयारीही घरूनच करावी लागते. व्हिसाचे शुल्क, प्रवेशाचे इतर शुल्क आणि हॉटेलची बिले रोख डॉलरमध्ये द्यावी लागतात, आणि आपल्या बँकेच्या कार्डावर विसंबून राहता येत नाही. नोटा नव्या, न दुमडलेल्या, शाईचा डाग नसलेल्या लागतात. नाशिकच्या परकीय चलनाच्या दुकानात मी प्रत्येक नोट उजेडात धरून निवडून घेतली, आणि त्या माणसाने जराही कुरकुर न करता दोन वेळा बदलून दिल्या. औषधांबाबत तर फारच जपायला हवे. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे नेऊ नयेत. बाकीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. ड्रोन घरी ठेवावा.

फाराप येथे उझबेक बाजूचा शिक्का पडल्यावर मधली निर्मनुष्य पट्टी एका छोट्या गाडीने ओलांडावी लागते. तुर्कमेन बाजूला पहिल्याच फाटकावर जवानाने निमंत्रणपत्र मागितले, त्यावरचा क्रमांक फोनवरून आत वाचून दाखवला आणि मगच फाटक उघडले. आत करोनाची चाचणी सक्तीची होती. त्यानंतर एका खिडकीत शुल्क भरायचे, दुसऱ्या खिडकीत ती पावती दाखवायची, मग पासपोर्टमध्ये व्हिसाचे स्टिकर लागते, आणि तिसऱ्या ठिकाणी प्रवेशाचा शिक्का. प्रत्येक खिडकीवर नाव, तारीख आणि बाहेर पडण्याची चौकी पुन्हा ताडून पाहिली जात होती. शावात हा शब्द मी तेथे किती वेळा उच्चारला असेन! सीमाशुल्क तपासणीत बॅग पूर्ण उघडली. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे अधिकाऱ्याने एकेक करून वाचली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळवली आणि पुन्हा नीट रचून दिली. वेळ पुष्कळ गेला, तरी कोणी उद्धटपणे बोलले नाही. येथे सकाळी लवकर पोहोचावे, कारण संध्याकाळी चौकी बंद होते.

बाहेर माझा वाटाड्या उभा होता. अश्गाबात शहरात एकटे फिरता येते, पण पर्यटक व्हिसावर शहराबाहेर वाटाड्या सोबत असणे बंधनकारक आहे. ही अट पहारा वाटण्याजोगी असली, तरी प्रत्यक्षात तिचा भार त्या माणसावर असतो. मी नको तेथे छायाचित्र काढले, ठरल्या मार्गाबाहेर गेले किंवा मुदतीनंतर राहिले, तर मी फार तर दंड भरून घरी परतेन. पण त्याला आणि त्याच्या संस्थेला तेथेच राहून त्याचे परिणाम भोगावे लागतील. म्हणून अध्यक्षीय प्रासादाकडे किंवा पोलिसांकडे मी एकदाही कॅमेरा वळवला नाही, आणि तेथील राजकारणाविषयी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. अशा देशात जाणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट सगळ्यात आधी मनात पक्की करावी, असे मला कळकळीने वाटते.

तीन दिवसांहून अधिक राहणाऱ्या परदेशी व्यक्तीची स्थलांतर खात्याकडे नोंदणी व्हावी लागते. ती अश्गाबातमध्ये संस्थेने करून दिली. मला फक्त पासपोर्ट आणि छायाचित्रे काही तासांसाठी सोपवावी लागली. व्हॉट्सअ‍ॅप तेथे चालत नव्हते. घरच्यांना मी निघतानाच हॉटेलांचे दूरध्वनी क्रमांक लिहून दिले होते आणि रोज निरोप येणार नाही हेही सांगितले होते, त्यामुळे कोणी काळजीत पडले नाही. रात्री अकरानंतर रस्त्यावर फिरू नये, ही सूचना हॉटेलने पहिल्याच दिवशी दिली.

मर्व्हच्या ग्यावुर-काला या जुन्या तटबंदीत आग्नेय कोपऱ्यात स्तूपाचा मातीचा उंचवटा आहे. जवळच्या बैराम-अली गावाच्या परिसरात भूर्जपत्रांवरील संस्कृत बौद्ध ग्रंथाची पानेही सापडली होती. सभोवती कोणी नव्हते, आणि वाटाड्याने मला तेथे हवा तेवढा वेळ दिला. निसा येथे उत्खननात अडीच हजारांहून अधिक लेखयुक्त खापरे मिळाली. कोणत्या मळ्यातून मद्याचे किती रांजण आले, कोणी आणले आणि कोणत्या वर्षी, याच्या त्या नोंदी आहेत. आपल्याकडे ज्यांची ओळख केवळ युद्धातील शत्रू म्हणून शिलालेखात उरली, त्यांचा रोजचा हिशेब त्यांच्याच भूमीत समजून घेताना मला फार समाधान वाटले. दरवाझाच्या पेटत्या वायुविवराजवळ एक रात्र राहून आम्ही कुन्या-उर्गेंचमार्गे दाशोगुझला पोहोचलो.

शावातला बाहेर पडताना तपासणी प्रवेशापेक्षा कमी वेळात झाली, पण अधिकाऱ्याने नोंदणीचा शिक्का आणि बाहेर पडण्याची तारीख काळजीपूर्वक पाहिली. वाटाड्याला फाटकापुढे येता येत नाही. मी पलीकडे पोहोचल्याचे कळेपर्यंत तो तेथेच थांबणार होता, म्हणून उझबेक शिक्का पडताच, फोनला नेटवर्क मिळाल्या क्षणी, मी संस्थेला ईमेलने कळवले आणि मगच खिव्याची टॅक्सी शोधली.

२०२५ मध्ये तुर्कमेनिस्तानने ई-व्हिसाचा कायदा संमत केला आहे, तेव्हा आता जाऊ इच्छिणाऱ्यांनी कोणती पद्धत प्रत्यक्षात लागू आहे हे अश्गाबातच्या संस्थेकडून आधी लेखी विचारून घ्यावे. मार्ग, तारखा आणि दोन्ही चौक्या निश्चित करून निदान दोन महिने आधी अर्ज द्यावा, आणि पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक असल्याचे पाहून मगच पत्रव्यवहार सुरू करावा.