तिवरोबाचा उजवा गाल

मुलांची पुस्तकं लिहून चित्रंही स्वतःच काढणाऱ्या बाईला लोक हमखास विचारतात, "आधी चित्र सुचतं की गोष्ट?" प्रेसमध्ये काय होतं ते कुणी विचारत नाही.

माझा तिवरोबा राक्षस गोराईच्या खाडीत, तिवरांत राहतो. चिखलातून वर आलेली श्वासमुळं म्हणजे त्याचे केस. 8 आणि 9 ही दोन्ही पानं व्यापून त्याचा चेहरा येतो. सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिना मारलेल्या 32 पानी पुस्तकात अखंड कागदावर येणारी जोडी एकच, 16-17. 8 आणि 9 तर वेगवेगळ्या फर्म्यांत, म्हणजे बरीच पानं एकत्र छापून घडी घालायच्या वेगवेगळ्या मोठ्या कागदांवर. म्हणजे डावा गाल सकाळी छापणार, उजवा संध्याकाळी. हे मला ठाऊक होतं, जे.जे. आर्ट स्कूलमधून निघाल्यापासून हेच करतेय. तरी चेहरा मला तिथेच हवा होता.

जुलै महिना, लोअर परळचा प्रेसचा गाळा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, किंचित वाढतो आणि चार रंग एकावर एक नीट बसत नाहीत. पहिला फर्मा जुळेपर्यंत दोन वाजले. दुसऱ्यात पान 16 वरचा कंदील मला फिका वाटला. मशीनवरच्या काकांना म्हटलं,

"काका, पिवळा वाढवा की जरा."

"ताई, 16 आणि 9 एकाच पट्टीत आहेत. इथे वाढवला की तिथे पण जाणार."

मशीनला पान कळत नाही. शाईची चावी उघडली की त्या पट्टीत जे येईल ते सगळं पिवळं पितं. आणि आमच्याकडे हिरवी शाई नसतेच, निळ्यावर पिवळा चढला की हिरवा. काकांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. बाहेर पाऊस वाढत होता, गाड्या उशिरा धावत होत्या. मी "चालेल" म्हटलं आणि शीटवर सही केली.

(प्रकाशकांकडून कुणी आलंच नव्हतं. "तुम्ही आहात ना!" लेखिका आणि चित्रकार एकच असली की त्यांचा एक माणूस वाचतो, आणि मला खापर फोडायला कुणी उरत नाही.)

पुस्तक हातात आलं तेव्हा डावा गाल शेवाळी, उजवा पोपटी. संपादकांच्या लक्षात आलं नाही. पालकांनी नेहमीप्रमाणे "यातून मुलांनी काय घ्यायचं?" विचारलं.

दिसलं ते गिरगावातल्या एका शाळेत, तिसरीतल्या मुलीला. "ताई, हा अर्धाच वेगळा का?"

खरं सांगितलं असतं तर वर्ग खूश झाला असता, मुलांना मशीन आवडतं. पण मी म्हटलं, "तो अर्धा आजारी आहे."

"कुठला अर्धा?"

"उजवा."

तिने पुढची पानं भराभर उलटली. 23 वर तिवरोबा सगळाच शेवाळी. "इथे बरा झालाय. मग बरा होतानाचं पान कुठंय?"

मी काहीतरी बोलून घंटेची वाट पाहिली.

आता दुसरी आवृत्ती निघतेय. गाल सारखे व्हायला मी काहीच करायचं नाहीये, फक्त कंदिलाबद्दल गप्प बसायचंय. पण ते बरा होतानाचं पान मी काढून ठेवलंय. ते घालायचं तर उजवा गाल यंदा मुद्दाम पोपटी छापावा लागेल. शिवाय पिनच्या पुस्तकात एक पान वाढत नाही, चार वाढतात. प्रकाशकांना अजून फोन केलेला नाही.