आमची वाटचाल : भरतकामाची पिशवी

सुरुवातीला आम्ही पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचो. काम सरळ, टिपा लांबलचक, नफा बेताचा. भरतकामाची पिशवी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. ती एका गिऱ्हाईक बाईंनी आमच्या गळ्यात घातली. घराबाहेर कुठेही बसून भरतकाम करता यावं म्हणून त्याचं सगळं सामान मावेल अशी पिशवी त्यांना हवी होती. येताना त्या सगळं सामान घेऊन आल्या: कापड ताणून धरायच्या रिंगा, दोऱ्याच्या लड्या, सुया, छोटी कात्री, अंगुस्तान, अर्धवट भरलेलं कापड. ते कापायच्या टेबलावर मांडलं आणि म्हणाल्या, "आता याला माप घ्या." नवीन मापाची पिशवी करायची असली की आजही आम्ही असंच सामान मांडून बसतो.

माप ठरवते ती रिंग. आठ इंची रिंग म्हणजे २० सेंटिमीटर, हे धरून पिशवी बेतली तर रिंग आत जात नाही. तिचा स्क्रू बाहेर आलेला असतो, शिवाय काम चालू असेल तर कडेने लोंबणारं कापडही आत घ्यावं लागतं. म्हणून शिवून झालेली रुंदी २६ आणि दोन्हीकडे शिवणीसाठी एकेक सेंटिमीटर मार्जिन धरून कापायचा तुकडा २८ चा. कॅनव्हासचा पन्हा १५० सेंटिमीटर असतो, त्यात २८ चे पाच तुकडे आरामात निघतात. तीसचेही पाच कागदावर बसतात, पण कडेची किनार वापरता येत नाही, म्हणजे हातात चारच पडतात. आमचा अर्धा नफा या दोन सेंटिमीटरमध्ये आहे असं आमचे कटिंगवाले म्हणतात. हिशेबाची वही उघडली तर ते फारसे चुकत नाहीत.

दुसरी गोष्ट कळायला जरा वेळ लागला. भरतकाम करणारा माणूस टेबलापाशी क्वचित बसतो. खुर्चीत, बाकावर, गाडीत, जिथे जागा मिळेल तिथे, आणि पिशवी मांडीवर. वरून उघडणारी झोळी असेल तर हव्या त्या रंगासाठी हात तळापर्यंत घालावा लागतो आणि सुई बोटात शिरते. म्हणून आम्ही चेन तीन बाजूंनी फिरवली, पिशवी वहीसारखी सपाट उघडते. त्यासाठी नायलॉनची पाच नंबरची चेन. ती कोपऱ्यावर वळते, धातूची दात काढते. कोपरे मात्र गोल करावे लागतात आणि वळणावर मार्जिनला कात्रीने बारीक चिरा द्याव्या लागतात, नाहीतर चेन तिथे फुगते आणि रनर, म्हणजे चेन उघडायची सरकती कडी, अडकतो.

आत पारदर्शक प्लॅस्टिकचे कप्पे. आठ मीटरच्या, सहापदरी लडीवर रंगाचा क्रमांक छापलेला असतो आणि भरणाऱ्याला तो दिसावाच लागतो. डीएमसी या दोऱ्याच्या कंपनीचा ३१० म्हणजे काळा हे पाठ असतं, पण शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन हिरव्यांचे क्रमांक कोण लक्षात ठेवणार? प्लॅस्टिक शिवणं ही वेगळीच कटकट. मशीनचा कापड दाबून धरणारा फूट त्याला चिकटतो, म्हणून टेफ्लॉनचा फूट लावायचा किंवा वर पातळ कागद ठेवून टीप घालायची आणि नंतर कागद फाडून काढायचा. टाचण्या लावायच्या नाहीत, भोक पडलं की ते कायमचं, चिमटे लावायचे. टाका तीन मिलिमीटरच्या वर ठेवायचा, बारीक टाक्याने प्लॅस्टिक टिपेवरच फाटतं. इस्त्री तर त्याच्या जवळपासही आणायची नाही.

सुयांसाठी फेल्टचं पान आहे, पण खरी मागणी लोहचुंबकाला आली. सुई हातातून सुटली तरी तिथे जाऊन बसते. आता गंमत बघा: चुंबक अस्तरात घालून मशीनवर शिवायला गेलं की तो उडी मारून मशीनच्या पट्टीला चिकटतो. म्हणून त्याचा खिसा आधी शिवून घेतो, पिशवी पूर्ण झाल्यावर चुंबक आत सरकवतो आणि तोंड हाताने तुरपून बंद करतो. खिसा कात्रीपासून लांब, समोरच्या पानावर. जवळ असला की कात्रीच ओढून घेतो.

अस्तर नेहमी फिक्या रंगाचं. बऱ्याच जणांना गडद आवडतं, मळत नाही म्हणून, पण गडद अस्तरावर सुई दिसत नाही. शिवाय गडद सुती कापडाचा रंग सुटला तर महिनोन्महिने भरलेल्या पांढऱ्या कापडाचं काय होणार, ते सांगायला नको. अस्तर कापण्याआधी धुतो, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं, आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग तपासतो.

काम वाढलं तेव्हा बऱ्याच जणांनी सुचवलं की एकाने फक्त चेन लावावी, एकाने फक्त कप्पे. वेग वाढला असता, नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे कटिंग सोडलं तर पूर्ण पिशवी एकाच हातची असते. चेन वाकडी बसली तर पुढे शिवणीची कड झाकणारी तिरकी कापलेली बायस पट्टी लावताना तोच माणूस वैतागतो आणि पुढच्या वेळी सरळ लावतो. मला माहीत असलेली सगळ्यात स्वस्त तपासणी हीच.

मध्यंतरी एका घाऊक खरेदीदाराने मोठी ऑर्डर देऊ केली. अट एकच: आतल्या शिवणींवरची बायस पट्टी काढून कडेला नुसतं ओव्हरलॉक मशीनने दोरा गुंडाळा, भाव उतरवा. पण आतल्या कडेचे सुटे धागे भरतकामाच्या दोऱ्यात गुंततात, आणि फोम, कॅनव्हास, अस्तर अशा तिहेरी जाडीची शिवण उघडी राहिली की तिथूनच उसवते. ऑर्डर सोडली. त्या महिन्यात ओढाताण झाली, पडद्यांच्या कामावर निभावलं.

आता दुरुस्तीलाही पिशव्या येतात. बहुतेक वेळा रनर सैल झालेला असतो. तो बदलायला चेनचं एक टोक उसवावं लागतं, काम पाच-दहा मिनिटांचं, त्याचे पैसे घेत नाही. कुणी हँडल लांब करून मागतं, कुणी जादा कप्पा. जादा कप्प्याला मी शक्यतो नाही म्हणते. कप्पे वाढले की पिशवी मिटत नाही.

सध्या विचारणा आहे ती गुंडाळीच्या लांब चौकटीसाठी, म्हणजे जिच्या दांड्यांवर भरायचं कापड गुंडाळून ताणतात तिच्यासाठी. तिचे दांडे लाकडी, पिशवीच्या रुंदीपेक्षा लांब, आणि दुमडण्याचा प्रश्नच नाही. एक नमुना शिवून टेबलावर पडला आहे, चेन एका टोकाला ठेवावी की लांब बाजूला यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.