कुंपणापलीकडची म्हैस

चीफना मी नऊ वर्षं तपासत होते. टाइप 2 डायबेटिस, हृदयात दोन स्टेंट, दर तीन महिन्यांनी रक्ताचे रिपोर्ट. हवाईदलात ते एफ-4 फँटम विमानांचे क्रू चीफ, म्हणजे देखभालीचे मुख्य मेकॅनिक होते, म्हणून दवाखान्यात सगळेच त्यांना चीफ म्हणत. त्यांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी मी बदलल्या आहेत. घडलं ते मात्र असंच घडलं.

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका छोट्या शहरात माजी सैनिकांच्या दवाखान्यात मी फिजिशियन आहे. इथं गोळीच्या जखमा येत नाहीत. येतात ते झिजलेले गुडघे, वाढलेली साखर आणि बहिरे झालेले कान. बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. उपचार आणि सेवेमुळं झालेल्या आजाराची सरकारी भरपाई या इथं दोन वेगळ्या दुनिया आहेत. माणसाचं इन्सुलिन मी ठरवते, पण त्यानं भरपाईचा दावा केला का, तो फेटाळला का, हे कुणी मला सांगत नाही. मीही विचारत नसे.

10 ऑगस्ट 2022 ला पॅक्ट कायदा आला, सेवेत विषारी द्रव्यांशी संपर्क आलेल्या माजी सैनिकांसाठीचा, आणि प्रत्येक माजी सैनिकाला विषारी द्रव्यांबद्दल विचारायचं असं ठरलं. पाच-दहा मिनिटांचं काम. पहिलाच प्रश्न असा, की सेवेत असताना विषारी द्रव्यांशी संपर्क आला असं तुम्हाला वाटतं का? मार्च 2023 मध्ये मी तो चीफना विचारला.

"नाही. मी व्हिएतनामला नव्हतोच. थायलंडला होतो."

मी ‘नाही’वर खूण केली आणि पुढं गेले. हे लिहितानाही लाज वाटते.

उठता उठता त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला. बायको कपाट आवरत होती, तिला सापडला म्हणाले. "डॉक्टर, तुमच्याकडं असतात ना अशा?" फोटोत एक म्हैस होती, पाठीवर उघडाबंब पोरगा. पांढऱ्या कडेवर ‘जुलै 70’ छापलेलं. त्यांना मला म्हैसच दाखवायची होती. म्हैस थायलंडची असो की कराडची, आमच्या डॉक्टरला ती बघून बरं वाटेल, एवढंच त्यांच्या मनात.

म्हैस कुंपणाच्या पलीकडं लांब उभी होती. तिच्या मागं भाताची हिरवी खाचरं. पण तारेपासून तिच्यापर्यंतचा पट्टा सगळा तपकिरी, नुसती माती. मी साताऱ्याची. जुलैत आमच्याकडं भिंतीच्या फटीतून गवत येतं, कौलांवर शेवाळ चढतं, पावसात उघडी पडलेली जमीन हिरवी व्हायला आठवडा लागत नाही. मागं सगळं हिरवं आणि मधला तेवढाच पट्टा बोडका, हे आपोआप होत नाही.

"इथं गवत का नाही, चीफ?"

"फवारायचे ना. पहाऱ्यावरच्यांना लांबचं दिसायला पाहिजे."

"आणि तुम्ही राहायचा कुठं?"

त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "कुंपणापासून? तुमच्या त्या पार्किंगच्या टोकाएवढ्या अंतरावर."

मी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले आणि ‘नाही’ खोडून ‘हो’ केलं.

एजंट ऑरेंज, म्हणजे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्यानं झाडझाडोरा मारायला फवारलेलं रसायन, म्हटलं की लोकांना व्हिएतनामचं जंगल आठवतं. 2,4-डी आणि 2,4,5-टी ही दोन तणनाशकं त्यात निम्मी निम्मी असत, आणि दुसऱ्यात टीसीडीडी नावाचा अतिविषारी डायॉक्सिन उतरलेला असे. व्हिएतनाममध्ये अशा तणनाशकांची फवारणी 1962 ला सुरू झाली आणि 1971 मध्ये थांबली. कोणाचा कॅन्सर कुठल्या थेंबानं झाला हे सिद्ध करणं अशक्य. म्हणून 1991 च्या कायद्यानं ते ओझं सैनिकाच्या डोक्यावरून काढलं. तिथं होतात आणि यादीतला आजार आहे, म्हणजे आजार सेवेमुळं झाला असं गृहीत. यादीत 2001 मध्ये टाइप 2 डायबेटिस आला, 2010 मध्ये इस्केमिक हृदयविकार, म्हणजे हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडण्याचा आजार. चीफना दोन्ही होते.

पण ‘तिथं’ म्हणजे व्हिएतनाम. थायलंडवाल्यांसाठी अट अशी, की तुमचं काम तळाच्या कुंपणालगत होतं हे दाखवा. पहारेकरी, कुत्री फिरवणारे यांना ते जमे. विमानाच्या मेकॅनिकला कोण विचारतो? चीफनी 2012 मध्ये अर्ज केला होता आणि तो याच मुद्द्यावर फेटाळला गेला होता. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "ते कुत्र्यावाल्यांसाठी आहे," म्हणाले. रागानं नाही. रांगेत आपला नंबर नव्हता, असं सांगावं तसं.

पॅक्ट कायद्यानं ती अटच काढली. 9 जानेवारी 1962 ते 30 जून 1976 या काळात थायलंडमधल्या कुठल्याही तळावर असलात तरी पुरे. आणि ऑगस्ट 2023 च्या मध्याआधी अर्ज गेला, तर पैसे आदल्या ऑगस्टपासून धरणार होते. मी त्यांना त्याच दिवशी काउंटीच्या माजी सैनिक कार्यालयात पाठवलं. तिथं अर्ज फुकट भरून देतात. भरपाईतला हिस्सा मागणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती याच म्हाताऱ्यांच्या फोनवर रात्रंदिवस येत असतात, त्यांची मला मनापासून चीड आहे.

निकाल यायच्या आत, ऑक्टोबरात, चीफ गेले. पहाटे छातीत दुखलं आणि जवळच्या खाजगी रुग्णालयात संपले. तीन आठवड्यांनी त्यांची पत्नी मृत्यूचा दाखला घेऊन आली. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते, ‘कार्डियाक अरेस्ट’.

माझा संताप झाला. हृदय बंद पडलं म्हणून माणूस गेला, हे काय कारण झालं? ते तर प्रत्येकाचंच पडतं. दाखल्यात एकाखाली एक ओळी असतात. वर लगेचचं कारण, खाली ते कशामुळं, त्याच्याही खाली ते कशामुळं. सगळ्यात खालची ओळ महत्त्वाची, कारण मूळ आजार तिथं येतो. त्यानंतर दुसरा भाग असतो, हातभार लावणाऱ्या आजारांचा. रात्रपाळी संपवायच्या घाईत पोरं वरची एक ओळ भरतात आणि सही ठोकतात. पतीचा मृत्यू सेवेमुळं झालेल्या आजारानं झाला असेल तर विधवेला निर्वाह भरपाई मिळते, त्या वेळच्या दरानं महिन्याला 1,600 डॉलरच्या आसपास. तिचा सगळा मामला त्या खालच्या ओळीवर.

सही करणाऱ्या तरुण डॉक्टरला मी फोन केला. तो वाईट नव्हता, त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. मलाही कुठं शिकवलं होतं? अँजिओग्राफीचे जुने रिपोर्ट मी त्याला पाठवले. दुरुस्त दाखला आला: अक्यूट मायोकार्डियल इन्फार्क्शन म्हणजे हृदयविकाराचा झटका, त्याखाली इस्केमिक हृदयविकार, दुसऱ्या भागात टाइप 2 डायबेटिस. चीफचा अर्धवट राहिलेला दावा पुढं चालवायला पत्नीला वर्षाची मुदत असते, तो अर्जही गेला. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही मंजूर झाले.

तारेपलीकडच्या त्या पोराचं नाव कुठल्याच यादीत नाही. तो जिवंत असेल तर आता साठीच्या पुढं असेल.

मंजुरीचं पत्र दाखवायला बाई आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हा फोटो 2012 सालीच अर्जाला जोडला असता, तर?"

चीफ कुंपणाजवळ होते, याचा त्या फोटोत पुरावा होता. अशी प्रकरणं तेव्हाही एकेक करून तपासली जात. कदाचित झालं असतं, असं मी म्हणाले. चीफ माझ्याकडं 2014 पासून येत होते, हे मी म्हणाले नाही.

"नकाराचं पत्र त्यानं कपाटाच्या खणात ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "फोटो खालच्या खणात होता."