बीपीसाठी कुठलं ॲप घेऊ, डॉक्टर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. परळच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आता रोजचाच झालाय. विचारतात बहुतेकदा मुलं, आईवडिलांसाठी.

फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं ॲप असेल, तर ते आजच काढून टाका. असंच एक धडाक्यात खपलेलं ॲप अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तपासलं. निष्कर्ष २०१६ साली छापून आले. ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं, त्यांच्यातल्या चारांपैकी तिघांहून अधिक जणांना ते 'नॉर्मल' म्हणत होतं. याची मला खरंच भीती वाटते.

गोळीची आठवण करून देणारी ॲप्स घातक नाहीत, पण नुसत्या आठवणीने बीपी उतरतंच असं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बीपी आटोक्यात नसलेले ४११ जण होते. बारा आठवड्यांनी ॲपवाल्यांचं वरचं बीपी सरासरी १०.६ ने उतरलं, बिनॲपवाल्यांचं १०.१ ने. परवाच एका मावशींच्या फोनवर महिनाभर रोज हिरवी टिक होती आणि पट्टा बांधला तर १६८. टिक करत होती सून, लोकलमधून, फोन वाजला की!

मग फोनचा उपयोग कुठे झाला? केनियात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली आलेला हा अभ्यास मी सगळ्यांना सांगतो. एचआयव्हीच्या रुग्णांना क्लिनिकमधून आठवड्याला एक साधा एसएमएस जायचा: कसे आहात? ४८ तासांत उत्तर द्यायचं. त्रास आहे म्हणाले किंवा उत्तरच आलं नाही, तर क्लिनिकमधून फोन. गोळ्या नीट घेणारे त्या गटात ६२ टक्के निघाले, एसएमएस न जाणाऱ्या गटात ५०. स्मार्टफोनसुद्धा लागला नाही. उत्तर वाचणारं कुणीतरी पलीकडे होतं, एवढंच.

म्हणून आधी दंडाला बांधायचं चांगलं मशीन घ्या. पाच मिनिटं शांत बसून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर मोजा. आकडे ॲपमध्ये लिहा नाहीतर वहीत. मात्र ते कोण बघणार, हे तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या. आमच्याकडे सिस्टर शनिवारी दुपारी बघतात आणि ज्यांचे आकडे वर गेलेत त्यांना त्याच दिवशी फोन लावतात.