दीड हजारांचा फॉर्म

शेजारच्या रिक्षावाल्या काकांचा फॉर्म आज भरला एकदाचा. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनासाठी ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लावताना राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना १५०० रुपये जाहीर केले, त्याचा. आधार नंबर, परमिट नंबर, गाडी नंबर, लायसन. ओटीपी काकूंच्या फोनवर, आणि काकू फोन घेऊन बाजारात! दीड हजारात किराणाही भागत नाही, पण नाही म्हणायची सोय कुणाला आहे?

खरा वैताग पुढे. काकांचा पुतण्या दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवतो. बॅज याचा, घाम याचा; परमिट मालकाचं, म्हणून मदतही मालकालाच. “चालायचंच ताई,” म्हणाला. “सध्या निर्बंधांमुळे सरकारची शिवभोजन थाळी फुकट आहे, तिथं परमिट मागत नाहीत.”

पैसे आले की अर्धे त्याला द्यायचं काकांनी कबूल केलंय. काकूंना अजून सांगितलेलं नाही.