डाव्या कुशीवर

कापूस वेचणीचे दिवस, म्हणून आज ओपीडीत गर्दी नव्हती. निवांत ऐकता आलं.

सासू सुनेला घेऊन आली होती, पाचवा महिना. "रक्त कमी हाये मॅडम इचं, थोडं चाललं का दम लागते." डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, तर फार फिकट नव्हत्या. छातीला स्टेथोस्कोप लावला आणि पहिलाच आवाज नेहमीपेक्षा ठणठणीत आला.

हृदयाचे आवाज झडपा मिटण्याचे असतात. 'लब' वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपांचा, 'डब' मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडावरच्या झडपांचा. धावतं रक्त एकदम अडतं, झडपा आणि भिंती थरथरतात, तेच कानावर येतं. उघडताना निरोगी झडप गप्प असते. हिची गप्प नव्हती.

तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची बेलची, म्हणजे घंटेसारखी पोकळ बाजू हलकेच टेकवली. 'डब'नंतर बारीकसं 'टक्', मग दूरच्या शेतात ट्रॅक्टर चालावा तशी खालच्या पट्टीतली घरघर. बेल जोरात दाबली किंवा उताणं ठेवूनच ऐकलं, तर ही घरघर सहज निसटते. डावीकडची मायट्रल झडप अरुंद झालेली असणार.

लहानपणी सांधे सुजले होते का, असं विचारलं. "आठवीत होती तव्हा. गुडघे लय सुजले होते, मंग आपोआप उतरले."

हाच तो ऱ्हुमॅटिक ताप. स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. सांधे बरे होतात, झडपेवरचे वण मात्र राहतात. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. अरुंद वाटेतून ते पुढे सरकत नाही, फुप्फुसांत तुंबतं. इतकी वर्षं निभलं, आता दम लागतोय तो म्हणूनच. इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, आजच जिल्ह्याला पाठवलं. सासू स्वतः सोबत गेली, फार बरं वाटलं.

नंतर सिकलसेलची, म्हणजे रक्त कमी करणाऱ्या आनुवंशिक आजाराची, एक पोरगी आली. तिच्याही छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांखेरीजचा जास्तीचा आवाज, पण मऊ, 'लब' आणि 'डब'च्या मधला. "दिलात भोक तं नाही ना?" तिची माय घाबरली होती. रक्त कमी असलं की ते वेगाने वाहतं, त्याचाही असा आवाज येतो, हे तिला नीट बसवून सांगितलं. खात्रीसाठी इको करूच.

उद्या आशाताईंची मीटिंग आहे. घसा दुखून ताप आलेलं पोर घरगुती काढ्यावर ठेवू नका, लगेच पाठवा. सांधे सुजलेलं असेल तर त्याच दिवशी. ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी कशासाठी आणि किती वर्षं, तेही समजावायचंय.